आण्याला एक डास

(द्वितीय वर्ष, मेकॅनिकल)

मराठी विभागाच्या संपादकाने लेखासाठी माझ्या रूमवर तीन चकरा मारल्या. मला कविता येत नाही आणि विनोदी लिहायला गेलो तर कुणी हसत नाही. तेव्हा या वर्षी ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं त्याच्यावरच लिहायचं ठरवलं. तो म्हणजे डास. आणि डासाबद्दल लिहायचं तर ज्याने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं डासाचं पोट फाडण्यात घालवली, त्या रोनाल्ड रॉसबद्दल लिहावंच लागतं.

आधी माझी कथा थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये मला थंडी वाजून ताप आला. दोन ब्लँकेटं आणि वर पार्टनरची सतरंजी घेतली तरी दात वाजत होते. तीन तासांनी घामाने गादी ओली. दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत, मेसमध्ये चार पोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी परत तेच. रक्त तपासलं तेव्हा व्हायवॅक्स मलेरिया निघाला. लॅबवाल्या काकांनी हौसेने मला सूक्ष्मदर्शकातून स्लाइड दाखवली. तांबड्या पेशीत अंगठीसारखं काहीतरी बसलं होतं. ते माझं रक्त होतं हे कळल्यावर पोटात कसंतरी झालं.

डॉक्टरांनी तीन दिवसांच्या क्लोरोक्वीनच्या गोळ्या दिल्या आणि रक्ताची आणखी एक तपासणी करून चौदा दिवसांच्या प्रायमाक्वीनच्या. ताप तिसऱ्या दिवशी गेला. प्रायमाक्वीनने मळमळायचं, त्यात सबमिशन आलं. पाच दिवस घेतल्या आणि उरलेलं पाकीट टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. ताप तर गेला होता ना! पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते समजायला रॉस आणि त्याचा एक प्रतिस्पर्धी आधी समजावा लागतो.

रोनाल्ड रॉस जन्माने भारतातलाच. 13 मे 1857 रोजी अल्मोड्याला जन्मला. म्हणजे मीरतचा उठाव होऊन तीन दिवस झाले होते. वडील इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी शिकायला इंग्लंडला काका-काकूंकडे पाठवला. त्याला व्हायचं होतं चित्रकार नाहीतर लेखक. वडिलांनी सांगितलं, डॉक्टर हो. आपल्यापैकी निम्म्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. सतराव्या वर्षी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये नाव घातलं आणि तिथे त्याने अभ्यास सोडून बाकी सगळं केलं. कविता, नाटकं, संगीत. कशाबशा परीक्षा पास करून 1881 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला आणि मद्रासकडे रुजू झाला.

पहिली काही वर्षं त्याने फारसं काही केलं नाही. नोकरीत रिकामा वेळ भरपूर होता. त्यात त्याने कादंबरी लिहिली आणि स्वतःच पुस्तकं आणून गणित शिकला. हे गणित लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. 1883 मध्ये बंगळूरला असताना त्याच्या बंगल्यात डास फार होते. शोधलं तर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडं केलं, डास कमी झाले. मेसमधल्या भांड्यांचंही असंच करू म्हणून तो अधिकाऱ्याकडे गेला, तर त्या अधिकाऱ्याने निसर्गात ढवळाढवळ नको म्हणून नकार दिला. आपल्या बीड जिल्ह्यात पाणी कधी चार दिवसांनी तर कधी आठ दिवसांनी येतं. त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरून ठेवलेल्या असतात. शहरी मलेरियाचा डास नेमका अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आमच्या विंगच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण आम्हीच क्रिकेटचा स्टंप म्हणून वापरत होतो. आता सांगायला लाज वाटते.

त्या काळी मलेरिया दलदलीच्या खराब हवेने होतो असं सगळे धरून चालले होते. 1880 मध्ये अल्जिरियात लॅव्हरान नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रोग्याच्या रक्तात परजीवी जंतू पाहिला. रॉसचा आधी यावर विश्वास नव्हता. 1894 मध्ये तो रजेवर लंडनला गेला तेव्हा पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने त्याला तो जंतू स्लाइडवर दाखवला आणि आपला तर्कही सांगितला की हा जंतू डास पसरवत असणार. मात्र मॅन्सनचा तर्क अर्धाच बरोबर होता. त्याला वाटायचं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. डास चावून आजार देतो हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

1895 मध्ये रॉस परत आला. मुंबईला उतरल्यावर कस्टममधून सामान सुटायच्या आधीच तो दवाखान्यात मलेरियाचे रोगी शोधत गेला. तिथून सिकंदराबाद. आता इथे आपला संबंध येतो. सिकंदराबाद ही इंग्रजांची छावणी, पण मुलूख निजामाचा. त्या वेळी आपलं बीडही निजामाच्याच राज्यात, सहावा निजाम महबूब अली खान गादीवर. म्हणजे मलेरियाचं कोडं सुटलं ते आपल्याच त्या वेळच्या राज्यात, हे मला सातवी-आठवीत कुणी सांगितलं असतं तर इतिहास जरा बरा वाटला असता.

सिकंदराबादला रॉसने काय केलं? तापाच्या रोग्याला मच्छरदाणीत झोपवायचं, आत डास सोडायचे, ते रक्त पिऊन फुगले की बाटलीत पकडायचे आणि काही दिवसांनी एकेक डास चिरून पाहायचा. हे करायला रोगी तयार होत नसत, म्हणून तो पैसे द्यायचा. हुसेन खान नावाच्या रोग्याला चावणाऱ्या एका डासामागे एक आणा मिळायचा. काही माणसांना त्याने डास मेलेलं पाणीसुद्धा पैसे देऊन पाजलं, मॅन्सनचा तर्क तपासायला. त्यातून नक्की काही सिद्ध झालं नाही. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. हुसेन खानला आपण कशासाठी चावून घेतोय हे कितपत समजावलं होतं, हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता.

दोन वर्षं गेली. शेकडो डास चिरले, काही सापडलं नाही. कारण साधं होतं, तो चुकीचे डास चिरत होता. घराभोवती जे मिळतील ते, करडे आणि पट्ट्यापट्ट्यांचे. मलेरियाचा डास त्यांतला नव्हताच. मधेच त्याला कॉलऱ्याच्या कामावर बंगळूरला पाठवलं. 1897 मध्ये उटीकडे गेला तर स्वतःलाच मलेरिया झाला आणि कोयनेल घ्यावं लागलं. (आमच्या आजीच्या तोंडी क्विनाइनला कोयनेलच आहे, म्हणून मीही तेच लिहितो.)

ऑगस्ट 1897. कोणीतरी आणून दिलेल्या अळ्यांतून वेगळेच डास निघाले, पंखांवर ठिपके असलेले. 16 ऑगस्टला ते हुसेन खानला चावले. खोलीत मरणाचा उकाडा, पण पंखा ओढायची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जायचे. कपाळावरचा घाम गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, भिंगाला तडा गेला होता. 20 ऑगस्टला, फार थोडे ठिपकेवाले डास उरले असताना, एकाच्या जठराच्या भिंतीवर त्याला गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे कण. अगदी तसलेच कण, जसे मलेरियाच्या रक्तात दिसतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला, त्यात त्या पेशी अजून मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासाच्या अंगात वाढत होता. त्या रात्री त्याने कविता लिहिली. 20 ऑगस्ट हा आता जगभर डास दिन म्हणून पाळतात.

एवढं झाल्यावर सरकारने काय करावं? महिन्याभरात त्याची बदली केली, राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे मलेरियाचे रोगी मिळणं मुश्किल. सरकारी बदल्यांची परंपरा जुनी आहे! मॅन्सनने लंडनहून खटपट केली तेव्हा फेब्रुवारी 1898 मध्ये तो कलकत्त्याला आला. तिथे प्लेगच्या भीतीने लोक बोटाला सुई टोचू देईनात, म्हणून त्याने पक्ष्यांचा मलेरिया घेतला. महंमद बक्ष आणि किशोरीमोहन बंदोपाध्याय हे त्याचे सहायक. जुलै 1898 मध्ये त्याला जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथीत सापडला. निरोगी चिमण्यांना डास चाववले, चिमण्या आजारी पडल्या. साखळी पूर्ण झाली. डास चावून रोग देतो, पाणी पिऊन नाही. त्याच वर्षाच्या शेवटी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियात ॲनॉफिलिस डासाचं तेच चक्र पूर्ण दाखवलं. मग श्रेय कोणाचं यावरून रॉस आणि ग्रासीचं जे भांडण जुंपलं ते रॉसने मरेपर्यंत सोडलं नाही. 1902 चं नोबेल रॉसला एकट्याला मिळालं. ब्रिटनचं ते पहिलं नोबेल.

आता तो प्रतिस्पर्धी. रॉबर्ट कॉख, क्षयाचा जंतू शोधणारा जर्मन. हा 1897 मध्ये प्लेगसाठी मुंबईलाही येऊन गेला होता. रॉसचं म्हणणं होतं की डास कमी करा, साचलेलं पाणी काढा. कॉखने उलटं पाहिलं. डासाला जंतू मिळतो कुठून? माणसाकडून. मग माणसांतलाच जंतू संपवला तर डास चावू दे किती चावायचं ते. 1900 मध्ये न्यू गिनीतल्या जर्मन मळ्यांवर, स्टेफान्सोर्ट इथे, त्याने नुसते तापाने पडलेले नाही तर सगळ्यांचं रक्त तपासलं. ज्याच्या रक्तात जंतू त्याला कोयनेल, मग तो हिंडता-फिरता का असेना. काही महिन्यांत मलेरिया खूप खाली आला. सगळ्या वस्तीला औषध देऊन हिवताप आटोक्यात आणायचा, या कल्पनेची पक्की सुरुवात तिथली.

पण अडचणी लगेच दिसल्या. मळ्यावर नवे मजूर आले की नवा जंतू आला. बरं वाटणारा माणूस कडू कोयनेल महिनोन् महिने घेईना. शिवाय कोयनेल रक्तातला जंतू मारतं, यकृतात दडून बसलेला नाही, आणि ही दडून बसायची गोष्ट त्या वेळी कुणाला माहीतच नव्हती. इटलीत 1900 पासून सरकारनेच कोयनेल बनवून स्वस्तात वाटलं, मलेरियाचे मृत्यू बरेच उतरले, रोग मात्र राहिला. आपल्याकडे बंगालमध्ये पोस्टात पैशाला कोयनेलची पुडी मिळायची.

रॉसच्या बाजूचंही सगळं नीट चाललं नव्हतं. लाहोरजवळ मियाँ मीर छावणीत 1902 पासून पाणी काढून डास कमी करायचा प्रयोग झाला, तो फसला. विरोधक म्हणाले, सगळे डास कुठे मरतात का? काम अर्धवट केलं असं रॉसचं उत्तर होतं. पण नुसतं उत्तर देऊन तो थांबला नाही. 1907-08 मध्ये तो मॉरिशसला मलेरियाच्या पाहणीसाठी गेला आणि तिथे त्याने ते जुनं, स्वतः शिकलेलं गणित बाहेर काढलं. सगळे डास मारायची गरजच नाही हे त्याने हिशोबाने दाखवलं. 1911 पर्यंत त्याने त्याची डिफरन्शियल इक्वेशन्स मांडली. हो, तीच, ज्यांच्यात आपल्या बॅचचे अर्धे लोक लटकतात.

हिशोबाची रीत त्याची, आकडे मी आपल्या हॉस्टेलचे घेतो. समजा 200 मुलं, त्यांतला एक रोगी, त्याच्या रक्तात जंतू महिनाभर राहतो. महिन्यात 9600 मादी डास. त्यातल्या पाव डासांनाच चावायला मिळतं, म्हणजे 2400. ते 200 जणांत वाटले तर त्या रोग्याच्या वाट्याला 12. जंतू डासात तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर तिसरा हिस्साच जगतो, म्हणजे 4. त्यातल्या चौथ्या हिश्शालाच परत कुणाला चावायला मिळतं, म्हणजे 1. एका रोग्याकडून एक नवा रोगी. साथ आहे तिथेच राहते. डास निम्मे केले तर एकाकडून अर्धाच. मग साथ आपोआप विझत जाते, शेवटचा डास शोधत बसावं लागत नाही. डास दुप्पट झाले तर एकाचे दोन, दोनाचे चार.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे की, हा गुणाकार आहे. त्यात डासांची संख्या आहे तसाच रोग्याच्या रक्तात जंतू किती दिवस राहतो हाही एक आकडा आहे. औषधाने तो महिन्याचा आठवडा केला तर बाराच्या जागी तीनच डास त्याला चावतील. म्हणजे रॉस आणि कॉख दोघे एकाच गुणाकारातले वेगवेगळे आकडे कमी करत होते! खुद्द रॉसनेही आपल्या पुस्तकात कोयनेलला जागा दिली आहे, पहिला मान मात्र डासाला. आणि याच गणितात कॉखच्या रीतीचा कच्चा दुवाही दिसतो. सगळ्या वस्तीला एकदम औषध दिलं, रोगी शून्यावर आले, पण डास तेवढेच राहिले आणि बाहेरून एक जंतूवाला माणूस आला की गुणाकार पहिल्यापासून सुरू. निकाराग्वात 1981 मध्ये देशातल्या बहुतेक लोकांना काही दिवसांत औषध दिलं गेलं. मलेरिया एकदम पडला आणि काही महिन्यांनी परत वर आला. चीनमध्ये मात्र 1970 च्या दशकात प्रायमाक्वीन मोठ्या लोकसंख्येला देताना डासांवरचं कामही चालू होतं. चीन 2021 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला.

पनामा कालव्यावर दोन्ही गोष्टी बरोबर केल्या, नाल्या काढल्या, जाळ्या बसवल्या, कोयनेल वाटलं. रॉस 1904 मध्ये ते पाहायला गेला होता. सिव्हिलच्या मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, मलेरियाचं निम्मं काम त्यांच्या ब्रँचचंच आहे. मेकॅनिकलवाल्यांना काय मिळालं विचाराल तर फवारणीचा पंप.

भारतात स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली. माझे आजोबा सांगतात, हिवतापवाला दारावर यायचा, बोटाला टोचून काचेवर रक्त घ्यायचा, लगेच गोळ्या द्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून जायचा. 1965 ला रोगी एक लाखावर आले होते. मग ढिलाई झाली, डास डीडीटीला सरावले, आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. गुणाकार तो गुणाकार.

रॉसचं पुढचं आयुष्य मला वाचताना थोडं कडवट वाटलं. 1899 मध्ये नोकरी सोडून लिव्हरपूलला शिकवायला गेला, सिएरा लिओनला गेला, सुएझवरच्या इस्माइलियाला डास कमी करून दाखवले. 1911 मध्ये सर झाला. पण भांडणं थांबली नाहीत. ग्रासीशी होतंच, ज्याने हाताला धरून रस्ता दाखवला त्या मॅन्सनशीही बिनसलं. आपल्या शोधाने सरकारचे किती पैसे वाचले, मग मला मोबदला का नाही, म्हणून अर्ज केले. मिळालं नाही. 1926 मध्ये लंडनला त्याच्या नावाची संस्था निघाली, तरी 1928 मध्ये त्याला स्वतःची कागदपत्रं विकावी लागली. 16 सप्टेंबर 1932 ला तो गेला. दुसऱ्या दिवशीची तारीख आपल्याला पाठ आहे, मराठवाडा मुक्तिदिनाची, फक्त सोळा वर्षं आधीची.

जानेवारीत मामाकडे सिकंदराबादला गेलो होतो. परळीहून गाडी विकाराबादमार्गे जाते आणि सिकंदराबादच्या आधी बेगमपेट लागतं. त्या भागातली जुनी इमारत रॉसच्या नावाने उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. पाहून आलो. बाहेर पाटी आहे. हुसेन खानचा फोटो कुठे असेल असं वाटलं नव्हतंच.

आता माझ्या ड्रॉवरमधलं पाकीट. दिवाळीच्या आठवडाभर आधी मला परत तसाच ताप आला. नवा डास चावला नसावा, यकृतात झोपलेला जुनाच जंतू उठला असावा, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या गोळ्या का घेतल्या नाहीस, यावर मला उत्तर देता आलं नाही. हॉस्टेल रिकामं झालं होतं. माझा पार्टनर तेवढा थांबला, कारण त्याचे आईवडील कोयता घेऊन उसाला गेलेले, घरी कुलूप. मी पडलो होतो तेव्हा त्यानेच मला डब्यातून पेज आणून दिली. मच्छरदाणी दोघांत एकाकडेही नव्हती. बरोबर चार आठवड्यांनी, एम-3 च्या पेपरच्या दिवशी सकाळी, त्याला थंडी वाजायला लागली. तो पेपरला जाऊ शकला नाही. दहा-बारा दिवस डासात आणि साधारण दोन आठवडे माणसात, असं मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. त्याला मी ते दाखवलं. तो हसला, म्हणाला काही नाही.

नंतर आम्ही दोघांनी चौदाच्या चौदा गोळ्या घेतल्या. तारखेवर खुणा करायला कॅलेंडर नव्हतं म्हणून दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा मारल्या, त्या अजून आहेत. टाकीला झाकण बसवलंय. पालिकेच्या माणसाने दिलेले गप्पी मासे मागच्या हौदात सोडलेत, मेसवाले मामा त्यांना शिळ्या पोळीचे तुकडे टाकतात. ते बंद करायला सांगितलंय, नाहीतर मासे अळ्या कशाला खातील?

राहिलेला पेपर तो उन्हाळी परीक्षेत देणार आहे. रोज रात्री मेसनंतर आम्ही डिफरन्शियल इक्वेशन्स घेऊन बसतो. काल दुसरं युनिट संपलं.